अर्ध्या टाकीचा नियम

प्रिय दादा,

प्लग-इन हायब्रिड घेऊ की पूर्ण इलेक्ट्रिक, एवढंच तू फोनवर विचारलंस, आणि लगेच मागून वहिनीचा आवाज आला, की विचार तुझ्या बहिणीला, तिच्याइतक्या गाड्या आपल्या घरात कुणी चालवल्या नाहीत, आणि त्यातली एकही तिची नव्हती. वहिनीला सांग, टोमणा पोचला आणि आवडलाही. तिला इलेक्ट्रिक हवी, तुला पेट्रोलची टाकी सोडवत नाही, आणि गाडीचा विषय निघाला की तुम्ही दोघं चिमणीमार्फत बोलता, हे खुद्द तुझ्या लेकीनंच मला कळवलंय. निरोप पोचवून पोचवून पोरगी वैतागली आहे.

तर ऐक. भाड्याच्या गाड्यांच्या यार्डात माझं काम परत आलेली गाडी धुवायची आणि पुढच्या गावी नेऊन सोडायची. मागच्या सीटखाली काय काय सापडतं, विचारू नकोस. एकदा जिवंत कासव निघालं. गाडी भाड्यानं नेलेल्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, ते आमचं नाही, पण आता विचारताच आहात तर द्या पाठवून. असो, हायब्रिड. तिच्या डिकीत चार्जिंगची केबल बहुतेक वेळा प्लॅस्टिकमध्ये तशीच गुंडाळलेली असते. लोक विजेचा रुबाब करतात, पेट्रोल जाळतात आणि वर बॅटरीचं ओझं वाहतात. तू तसं करणार नाहीस, तू झोपण्याआधी गॅसचं बटण दोनदा तपासणारा माणूस. रोज न चुकता चार्ज करशील. म्हणजे शाळा, तुझं चष्म्याचं दुकान, बाजार, सगळं विजेवर, आणि पेट्रोल बसून बसून शिळं होणार. मग ते संपवायला गाडी आपणहून इंजिन सुरू करते. काही काम नसताना खोकून हजेरी लावणारा पाहुणा जन्मभर सांभाळायचा, असं ते आहे.

इलेक्ट्रिकचंही खोटं सांगत नाही. ऐन थंडीत ती घेऊन घाट चढले तेव्हा बॅटरीचा आकडा असा भराभर उतरला की मी हीटर बंद करून कुडकुडत चालवली. वर चार्जिंगला ताटकळले. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्यानं तेवढ्यात मला पत्त्यांचा एक डाव शिकवला आणि त्यातच हरवलं. पण पलीकडे उतरायला लागले, तर आकडा हळूहळू वाढायला लागला. उतरता उतरता भर पडते, हे मी तरी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

आता तू म्हणशील, वेळप्रसंग सांगून येत नाही. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा तुझा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. आपण पंपावर उभे, गाडीत भरपूर पेट्रोल, मागचे हॉर्न वाजवताहेत आणि तू शांतपणे टाकी भरून घेतोयस. वहिनी म्हणायची, याच्या डोक्यावरचे केस गेले तरी चालतील, टाकीतलं पेट्रोल जाता कामा नये. मीही हसायचे. मला वाटायचं, स्वभावच तुझा.

परवा वहिनीनं सांगितलं, की हा नियम मी पाठीला पिशवी लावून निघाले त्या दिवसापासूनचा आहे. बंदरावरच्या खोलीत मी तापानं फणफणले होते तेव्हा सकाळी फोन केला आणि दुपारच्या आत तू दारात हजर होतास. एवढ्या लवकर कसा आलास, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. टाकी माझ्यासाठी भरलेली असते, दादा. म्हणून हे पत्र. चार्जर बसवायचं काम मी शिकले, आणि आजवर एक परीक्षा धड न दिलेली तुझी बहीण त्या परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली. तुमच्याच गावात नोकरी मिळाली आहे, पुढच्या महिन्यात रुजू होतेय, आणि खोली तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर घेतली आहे. आता मला आणायला टाकी लागणार नाही, घरातल्या चपला घालून ये. बिनधास्त इलेक्ट्रिक बुक कर आणि चार्जरसाठी दुसऱ्या कुणाला बोलावलंस तर बघ. माझ्या हातचा पहिला चार्जर तुझ्याच भिंतीवर लागणार आहे.

आता पायाला नुसती नावापुरती उरलेली,
तुझीच भिंगरी