पातेल्यावर बाबांचं नाव

आई,

आज तुझ्यावर इतकी चिडलेय की तू समोर असतीस तर भांडी आपटली असती. तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

बाबा या हिवाळ्यात गेले, आणि काल दादा हक्कसोडपत्र घेऊन आला. कोलकात्याच्या, सॉल्ट लेकमधल्या आपल्या घरातला माझा हिस्सा मी त्याच्या नावे सोडायचा. "अगं, नुसती एक सही. आईनेही केलीच होती की मामासाठी, हसत हसत." हसत हसत! त्याबद्दल मामाने दिलेली मोरपिशी साडी तू एकदाही नेसली नाहीस, ते याला कुठलं माहीत. मी म्हटलं, घराचे हप्ते आईच्या पगारातून गेलेत. त्याचा चेहरा कोरा. "आईच्या?" म्हणजे तू कधी सांगितलंच नाहीस?

बागबाजारातलं ते भांड्यांचं दुकान आठवतं? मी चौथीत असेन. तुझा पगार झालाय, तू मोठं पातेलं घेतेयस, आणि नाव घालणारा म्हातारा मशीन हातात धरून विचारतो, "की नाम लिखबो, दिदिमोनी?" तू बाबांचं नाव सांगतेस, आडनावासकट. ज्यांना घरात साखरेचा डबा कुठे असतो तेही ठाऊक नव्हतं, त्यांचं! मी म्हटलं, माझं घाल ना. तर चारचौघांत डाफरलीस, "मुलींचं नाव घालत नाहीत. तुझी भांडी तुझ्या घरी." मग राहत होतो ती काय धर्मशाळा होती?

आणि शिकवायचीस काय, तर इतिहास! तुझ्याच वर्गात बसायचे मी. कायमधारा शिकवताना तुझा आवाज चढायचा. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारे राहिले बाजूला, इंग्रजाच्या कागदावर जमीनदाराचं नाव लागलं आणि तो मालक झाला, असं म्हणताना तुझ्या हातात खडू मोडायचा. बंगाली मुली जिवाचा कान करून ऐकायच्या. एवढं कळत होतं, तर स्वतःच्या बाबतीत का गं नाही कळलं? कॉलेजात असताना विचारलंही होतं मी. कणीक मळता मळता म्हणालीस, "घर आपलंच आहे की. नाव कुणाचं का असेना." बघ आता तुझं ते आपलं. दादा वाईट नाही गं, त्याचाच जास्त संताप येतो. त्याला खरंच वाटतं, ते त्याचंच आहे.

सही मी करणार नाही. उद्या तो कागद न्यायला येतोय. त्याला सांगायचं सोडून तुला लिहीत बसलेय, आणि हेही फाडूनच टाकणार आहे. एक मात्र कबूल करते. सकाळी त्याचा फोन आला तेव्हा 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर "जेवायलाच ये." त्याच्या मसालेभातासाठी तुझंच पातेलं काढलं. काथ्याने घासघासून पाहिलं, बाबांचं नाव जात नाही. घासताना सारखं एकच मनात येत होतं, हा भाऊबीजेला आला नाही तर? मामाच्या कागदावर सही करताना तुलाही हीच भीती वाटली होती का गं?