मुठीचं माप

४ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरी आहे. तू कसा आहेस हे विचारत नाही, कारण विचारलं तरी तू कळवत नाहीस. सरळ कामाचं लिहिते.

मला एक मोठा सुरा हवा आहे. भाजीचा नव्हे, लाकूड तोडायचा आणि उभं फोडायचा. लाकूडवाला वर्षातून एकदा येतो आणि मांडीएवढे जाड तुकडे अंगणात ओतून जातो. माझ्या शेगडीचं तोंड वीतभर. म्हणजे रोज सकाळी ते तुकडे बारीक करणं आलं. कुऱ्हाड मी यंदा माळ्यावर टाकली. शेजारी चांगले आहेत, पण थंडीचे चार महिने रोज सकाळी कोणाचं दार वाजवायचं?

बाजारात चौकशी केली. एका दुकानदाराने घडी होणारा चाकू पुढे केला आणि खिशात मावतो म्हणून त्याचं कौतुक करत बसला. मी त्याला सांगितलं की सांधा असलेली वस्तू आधी सांध्यातच मोडते. शिवाय मला लाकूड फोडायचं आहे, पाकिटं नाही. दुसऱ्याने जाड कागदावर छापलेली यादी दिली. ती मी रात्री पट्टी घेऊन नीट वाचली. त्यावरून माझं असं ठरलं: पातं सोळा इंच, पाठीकडे अर्धा इंच जाड, धार शक्य तितकी पातळ, मूठ माझ्या हाताच्या मापाची. सोबत हाताची बाह्यरेषा कागदावर काढून पाठवली आहे.

घाई का, तेही सांगते. तुझ्या भाचीचं म्हणणं, मी घर बंद करून तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला यावं. तिथे बटण दाबलं की खोली गरम होते. पुष्कळ वाद झाला. शेवटी असं ठरलं की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती येईल आणि मी तिच्यासमोर आठवड्याचं सरपण एकटीने फोडून दाखवीन. जमलं तर ती हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं तर मी किल्ली तिच्या हातात देईन. शब्द दिला आहे.

तेव्हा वेळेत कर. लोभ आहे असं मी धरून चालते.

तुझी,
ताई

११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र भट्टीपाशी उभ्याने वाचलं, मग बसून परत वाचलं. बत्तीस वर्षांत तू माझ्याकडून साधी सुरी घेतली नाहीस. घरातली प्रत्येक सुरी दुकानातून आणलीस आणि ती बोथट झाली की नवी आणलीस. आता एकदम सोळा इंच! माझा सोबती म्हणाला, बाईंना लढाईला जायचंय की काय. मी त्याला म्हटलं, तू आमच्या ताईला ओळखत नाहीस, तिला लढाईला हत्यार लागत नाही.

थट्टा पुरे. तुझी भूमिती बरोबर आहे आणि सुरा चूक. तू सांगतेस तसा केला तर तो दोन किलोच्या घरात जाईल. पहिल्या पाच घावांना मजा वाटेल, सहाव्याला तो तुझं ऐकणार नाही. धार पातळ ठेवली तर पातं लाकडात रुतून बसेल आणि गाठ लागली की धारेला दात पडतील. फोडायचं पातं पाचरीसारखं लागतं: धारेपासून पाठीकडे सावकाश जाड होत गेलेलं, म्हणजे लाकूड कापलं न जाता दोन्हीकडे ढकललं जातं. दहा इंच लांब पुरे. पाठ पाव इंच. लोखंड मुठीत अर्ध्यात थांबलेलं नको, शेवटपर्यंत गेलेलं हवं, नाहीतर एक दिवस मूठ हातात आणि पातं अंगणात. माझ्याकडे जुन्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद पडलं आहे, त्यातून करतो.

आता मला सतावणारी गोष्ट. तू पाठवलेली बाह्यरेषा फार सुरेख आहे. एका दमात काढलेली, कुठे कंप नाही. ताई, तू उजवी आहेस. माणूस उजव्या हाताची रेषा काढायला बसला तर पेन डाव्या हातात धरावं लागतं आणि रेषा नागमोडी येते. शेकडो गिऱ्हाइकांचे कागद मी पाहिले आहेत. तू मला डावा हात पाठवला आहेस.

सुरा डाव्या हाताने धरायचा असेल तर मूठ वेगळी घडवावी लागते, म्हणून विचारतो. आणि भाऊ म्हणूनही विचारतो. उजव्या हाताला काय झालं?

उत्तराची वाट पाहतो. असाच राग-लोभ ठेव.

तुझा,
बारक्या

१६ सप्टेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण माझी वही कोणी अशी तपासली नव्हती. असो.

एप्रिलमध्ये मागच्या पायरीवरून घसरले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं, ते तुझ्या भाचीला माहीत आहे. प्लास्टर काढल्यावर हात पूर्ववत झाला असं मी तिला कळवलं, ते मात्र खरं नाही. बोटं पुरती मिटत नाहीत. पेन धरता येतं, घास घेता येतो. भरलेली बादली धरली की ती आपोआप खाली बसते. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, पण फार आशा धरू नका. मी व्यायाम करते. आशेचं त्यांनी सांगितलं तसंच चाललं आहे.

तेव्हा सुरा डाव्या हाताचा कर. दांडक्याने वरून ठोकायचा विचार होता, पण दांडकं उजव्या हातात राहत नाही. एकाच हाताने फोडण्याची काही रीत असेल तर लिही. वजन आणि लांबी तू म्हणतोस तशी असू दे. त्यात मला कळत नाही हे मान्य.

यातलं एक अक्षर तुझ्या भाचीला कळता कामा नये. ती बसची वेळापत्रकं करते. तिच्या लेखी जी गाडी वेळेवर निघत नाही ती रद्द करायची असते. त्या दिवशी मी उजवा हात शालीखाली ठेवीन आणि डाव्याने काम करीन. विचारलंच तर म्हणेन, असंच बरं पडतं.

आणि ते बत्तीस वर्षांचं. तू लोहारकाम धरलंस याचा मला राग नव्हता. कॉलेज सोडल्याचं तू मला न सांगता केलंस आणि मला ते फीच्या खिडकीवर कळलं, याचा होता. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी कधी सांगितलं नाही.

प्रकृतीस जप. माझी माया तुला माहीत असावी.

ताई

२० सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईने तुझ्याकडे सुरा मागितल्याचं तिच्याच पत्रावरून कळलं. तिने ते असं लिहिलं आहे जणू मी पैज हरलेच. मामा, माझी विनंती आहे की तू तो करू नकोस. निदान नोव्हेंबरपर्यंत लांबव. तू नाही म्हणालास तर तिला वाईट वाटेल, पण ती माझ्याकडे येईल. इथे तिची खोली तयार आहे, खिडकीपाशी टेबलही लावलं आहे.

मला हौस नाही तिला घराबाहेर काढायची. पण ती तिथे पडली तेव्हा शेजारच्या बाईंना दुपारी कळलं, आणि मला दुसऱ्या दिवशी. त्या मधल्या वेळेचा विचार करून मी अजून दचकते.

आणखी एक. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले तेव्हा चहाची किटली तिने मला उचलायला लावली. आई कोणाला किटली उचलू देत नाही. तिचा हात खरंच बरा आहे का? मला ती सांगणार नाही. तुला काही माहीत असेल तर सांग. मी तुला एवढं सरळ आजवर कधी विचारलं नव्हतं.

मामीस नमस्कार. तुझा आशीर्वाद असू दे.

तुझी,
घड्याळबाई (हे नाव तूच ठेवलंस)

२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल सोबत पाठवतो आहे. आधी वाईट बातमी, मग सुरा.

तुझ्या लेकीने मला पत्र लिहून विचारलं, आईचा हात बरा आहे का. दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही. सुरा करू नकोस असंही तिचं म्हणणं होतं. मी तिला कळवलं की सुरा करणार, कारण तो तू मागितला आहेस. आणि हाताचंही खरं ते कळवलं. कोणाच्या हाती धारेची वस्तू देताना तो हात कसा आहे हे घरच्या एका तरी माणसाला माहीत असावं, एवढा एक नियम मी या कामात पाळत आलो. तुझ्यासाठी तो मोडवेना. हे तुला तिच्याकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं, म्हणून आजच लिहितो. तू रागावशील. रागाव.

आता सुरा. वजन सहाशे ग्रॅम. मूठ डाव्या तळव्यात बसेल अशी घडवली आहे, शेवटाला खाली आकडी ठेवली आहे म्हणजे घाम आला तरी निसटणार नाही. रीत अशी: ठोकळ्यासमोर बसायचं, उभं राहायचं नाही. मनगटाएवढाच तुकडा घ्यायचा. तो ठोकळ्यावर उभा करून वरच्या टोकावर पातं हलकं मारायचं, फक्त अडकण्यापुरतं. मग हात सोडायचा नाही; पातं आणि लाकूड दोन्ही एकदम उचलून ठोकळ्यावर आपटायचं. लाकूड स्वतःच्या वजनाने फाटत जातं. तीन-चार आपट्यांत दोन फाका होतात. जाड तुकडे लाकूडवाल्याला आणखी एकदा चिरायला लाव, त्याला मी निरोप धाडला आहे. गाठीचं लाकूड आलं तर बाजूला ठेव. ते फुटत नाही यात तुझा काही दोष नसतो.

डावा हात शिकायला महिना घेतो. तुझ्याकडे तीन आठवडे आहेत. रोज थोडं कर.

लोभ उरला असेल तेवढा राहू दे.

बारक्या

२८ ऑक्टोबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

रविवार झाला. तुला कळवायला हवं.

तुझं पत्र आल्यावर मी आईला काहीच लिहिलं नाही. ठरलं होतं तशीच गेले. आई अंगणात स्टुलावर बसली होती. उजवा हात मांडीवर उघडा, शाल आत खुंटीला. माझ्याकडे बघून म्हणाली की सगळं कळलंच आहे तर आता नुसतं बघ.

मामा, मी घड्याळ बघत होते. सवय आहे. ती एक तुकडा उभा करी, पातं अडकवी, उचली, आपटी. कधी तीनदा, कधी सातदा. मध्येच तुकडा पडे, मग ती वाकून परत उभा करी. मी दोनदा पुढे झाले, दोनदा तिने नजरेने मागे बसवलं. एक गाठीचा निघाला. तो तिने फिरवून पाहिला आणि मुकाट्याने बाजूला ठेवला. आईने काही अर्धवट सोडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

आठवड्याचं सरपण व्हायला तीन तास दहा मिनिटं लागली. पूर्वी ती हे अर्ध्या तासात करायची. मी तेच म्हणाले, जरा चढ्या आवाजात, की एवढा वेळ लागतो तर हे जमलं असं कसं म्हणायचं. तिने सुरा ठोकळ्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या गाडीला पोहोचायचं असतं. मी पोहोचलेली आहे."

किल्ली मी मागितली नाही. मात्र रोज सकाळी नऊला ती मला फोन करणार, हे तिने कबूल केलं आहे. नऊ वाजून पाच मिनिटांनी मी शेजारी फोन करणार, हे मी सांगून ठेवलं आहे.

टेबल खिडकीपाशीच राहू देते. तुझा आशीर्वाद पाठीशी असावा.

तुझी भाची

५ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या भाचीने तुला सगळं कळवलं असेल, मिनिटांसकट. तेव्हा मी फक्त उरलेलं लिहिते.

तुझं पत्र वाचून मी खूप रागावले. पार्सल दोन दिवस फोडलं नाही. तिसऱ्या दिवशी फोडलं, कारण दिवस जात होते. नंतर एक गोष्ट लक्षात आली. हात लपवून सराव करायचा म्हणजे अर्धं लक्ष लपवण्यात जायचं. तिला कळलंय म्हटल्यावर शाल काढली, तो हात मांडीवर टेकवला, आणि डाव्याला जोर आला. तू बरोबर केलंस असं मी म्हणत नाही. पण कॉलेजच्या वेळी तू न सांगता केलंस आणि या वेळी सांगून केलंस. यातला फरक मला कळतो.

सुरा चांगला आहे. मूठ अंगठ्याखाली किंचित जाड लागते, तिथे फोड येऊन गेला. पण ते डिसेंबरमध्ये तू समक्ष पाहशील. येताना कानस आण. वरची खोली झाडून ठेवली आहे. जेवणाचं मी बघते, तुझं पथ्य कळव.

इथे थंडी पडली. रोज सकाळी फोन झाला की मी अंगणात जाते आणि आठ तुकडे फोडते. शेगडीला तेवढे पुरतात. आठ झाले की नववा घ्यावासा वाटतो. हात तापलेला असतो, रीत बसलेली असते, उद्याचंही आजच उरकावं असं मन म्हणतं. पडले त्या दिवशीही मी उद्याचंच सरपण आणायला निघाले होते. म्हणून सुरा पुसते, आत येते आणि शेगडीपाशी बसते. बसायला मात्र मला अजून सराव हवा आहे.

तू आहेस तसाच आमचा राहा, हेच मागणं.

तुझी,
ताई