बोर्ड घेऊन महाडला जातोय

सुरेखा,

उमरठहून आलीस की टेबलावर कॉम्प्युटर उघडा दिसेल, घाबरू नकोस. तुझे नकाशे सुरक्षित आहेत. हार्ड डिस्क काढून कपाटात तुझ्या साड्यांखाली ठेवली आहे.

आपल्या कॉम्प्युटरच्या जुन्या मदरबोर्डावर नवा प्रोसेसर चालत नाही म्हणतात, पण मी बोर्डातला बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारा चिपमधला प्रोग्राम, बदलून तो चालवला. खरंच चालला गो, वीस मिनिटं! तुला दोनदा फोन लावला, लागला नाही. तिथंच थांबायला हवं होतं. पंखा फार जोरात फिरतोय म्हणून बायोस पुन्हा लिहायला घेतला आणि मध्येच लाईट गेली. आता स्क्रीनवर काहीच येत नाही.

महाडचे रिपेरिंगवाले नाथूकाका म्हणाले, "घेऊन ये, चिप काढून परत लिहून बघू. पण खात्री नाय."

तू नको म्हणाली होतीस. नोकरी सुटल्यापासून माझ्या हातून एक तरी काम नीट व्हावं, असं वाटत होतं.

सोमवारी तुला नकाशे द्यायचेत. तुझ्या भावाने दिलेला लॅपटॉप मागच्या महिन्यात मीच रागाने परत पाठवला होता. आत्ता फोन करून तो मागितला. "उद्याच्या गाडीने पाठवतो, दाजी," एवढंच तो म्हणाला.

किरण