सुटे अवयव

प्रिय दादा,

तुझ्यावर चिडायला मला बंदी आहे. ऑपरेशन होऊन तू धड घरी येईपर्यंत पेशंटशी वरच्या आवाजात एक शब्द बोलायचा नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी काल मला सगळ्यांदेखत बजावलं, आणि तू पलंगावर पडल्या पडल्या गालातल्या गालात हसलास. मी पाहिलंय ते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुझी बाजू घेऊन मला गप्प केलं, त्याचाच आनंद. झडप पार खराब झालीय, ती बदलली नाही तर हे हृदय फार दिवस चालायचं नाही, हेही त्याच डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितलं. तिकडे मात्र तुझं लक्ष नव्हतं. तेव्हा माझं जे बोलायचं राहिलंय ते सगळं इथे लिहिते. कागदावर ओरडलेलं त्यांना ऐकू जात नाही.

मला एक सांग, ज्याने उभा जन्म माणसाचं शरीर रंगवण्यात घालवला, त्याने असा गाढवपणा करावा? दुसऱ्या कुणी केला असता तर मी समजून घेतलं असतं. पण आपला धंदाच हा! शाळा-कॉलेजांसाठी फायबरची धडं बनवायची. छातीपोटाचं झाकण काढलं की आत फुप्फुसं, हृदय, यकृत, जठर, आतडी, मूत्रपिंडं, ज्याची त्याची खुंटी वेगळी. साचे भरायचे मी, घासून गुळगुळीत करायचं मी, आणि मग तू बारीक ब्रश घेऊन लाल-निळ्या रक्तवाहिन्या काढत बसणार. मधेच कुणी दारात उभं राहिलं तर उजेड अडवला म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार. एखाद्या शाळेतून जठर बसत नाही म्हणून फोन आला, की तू जागेवरून न उठता सांगायचास, सर, तुम्ही यकृत आधी बसवलंत, आत एकाचा दुसऱ्याशी संबंध असतो हो! हे तुझे शब्द. ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

आणि स्वतःच्या बाबतीत काय केलंस? आधी धाप लागायला लागली, आडवं झालं की खोकला. गेलास छातीच्या डॉक्टरांकडे. चांगलं केलंस. पण त्यांना सांगितलास फक्त खोकला. मग पाय सुजले, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागला, तर ते पाय हाडांच्या डॉक्टरांकडे नेलेस, जसे काही ते वेगळ्या खोक्यातून आले होते. भूक मेली, दोन घासांत पोट गच्च व्हायला लागलं, तर पोटाचे तिसरे. लघवी कमी होते म्हणून आणखी एक. सगळ्यांनी आपापल्या गोळ्या दिल्या आणि तू त्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्यास, मिसळू नयेत म्हणून! कुणाला कुणाचा पत्ता नाही, आणि घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नाहीस. शेवटी कारखान्यात चक्कर येऊन मूत्रपिंडांच्या खोक्यावर कोसळलास, तेव्हा मी तुला ओढत कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, मग विचारलं, पाय सुजतात का? त्यावर तू काय म्हणालास, आठवतंय? सुजतात ना, पण त्याचे डॉक्टर वेगळे आहेत, तुम्ही फक्त चक्करेचं बघा. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांनी मला जे समजावलं ते तुला अजून सांगता आलेलं नाही, कारण मी सुरुवात केली की तू झोपेचं सोंग घेतोस. आता वाच. हृदयातून रक्त अंगभर जायला निघतं, त्या वाटेवरची झडप तुझी कडक होऊन अरुंद झालीय. रक्त पुढे जाईना, म्हणून मागे तुंबलं. मागे कोण, तर फुप्फुसं. तिथे पाणी साचायला लागलं, म्हणून ढीगभर हवा असूनही तुला ती पुरेना. तुंबत तुंबत ते आणखी मागे गेलं, तसं यकृत फुगलं, आतडी जड झाली, भूक मेली. इकडे मूत्रपिंडांना रक्त कमी पोचायला लागलं. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, शरीरातलं पाणीच संपत आलंय, म्हणून त्यांनी मीठ-पाणी धरून ठेवलं, आणि ते उतरलं पायांत. मेंदूला रक्त तोकडं पडलं तेव्हा चक्कर. म्हणजे सगळं एकच दुखणं होतं, दादा! आणि तरीही आतला प्रत्येक जण दुसऱ्याचं निभावून नेत होता. हृदयाने तर भिंती जाड करून जोर लावला, महिनोन्‌महिने, तुला ब्रश हातात धरता यावा म्हणून. त्या सगळ्या काळात तू खोकल्याची एक बाटली संपली की दुसरी आणत होतास.

आपलं जुनं भांडण आता पुन्हा काढते. आपल्या धडात हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी वाहिनी काठाशीच तुटते. तू हृदयावर अगदी काठापर्यंत निळा रंग नेतोस आणि समोर फुप्फुसाच्या काठावरून पुन्हा सुरू करतोस. मधे मोकळी हवा. मी किती वर्षं कानीकपाळी ओरडतेय, रबराच्या नळ्या घालू, पोरांना कळू दे की हे जोडलेलं असतं. तू म्हणायचास, मग अवयव सुटे निघणार नाहीत, आणि सुटे निघत नाहीत ते धड घेणार कोण? विकायच्या दृष्टीने खरं होतं तुझं. पण तू स्वतःच त्यावर विश्वास ठेवून बसलास, तिथे घोड्याने पेंड खाल्ली. आपल्याच मालाला फसलेला कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

वहिनीचं तर काय सांगू! तिला विचारलं, अगं, एवढे गोळ्यांचे डबे तुला दिसले नाहीत? तर म्हणाली, रंगाच्या वासाने पित्त होतं असं सांगितलं ना ह्यांनी. मीच मीठ-तिखट जास्त घालते की काय, या काळजीने तिने अळणी रांधायला घेतलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चुकून का होईना, तुझ्या फायद्याची तेवढी एकच गोष्ट झाली. आणि तू तिच्या हाताला चव उरली नाही म्हणून जगभर सांगत सुटला होतास. कॉलेजची ऑर्डर अर्धवट पडून आहे. फुप्फुसं मी रंगवायला घेतली, पण तुझ्यासारख्या बारीक रेघा जमेनात आणि सगळी पुसावी लागली.

आता लिहायचं खरं कारण सांगते. आज सकाळी तुला आत नेताना, त्या मोठ्या दारापाशी तू माझा हात धरलास आणि विचारलंस, तुला भीती वाटतेय का गं? असलं तू कधी विचारत नाहीस. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी तुला आत नेलं आणि दार मिटलं. तेव्हापासून मी या बाकावर बसलेय, वहिनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून. मघाशी नर्स येऊन सांगून गेली, हृदय थांबवलंय, नवी झडप बसेपर्यंत रक्त यंत्रातून फिरेल, घाबरू नका. म्हणजे आत्ता, मी हे अक्षर काढतेय तेव्हा, तुझं हृदय चालत नाहीये. तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, ते देते. हो दादा, वाटतेय. इतकी वाटतेय की मघापासून तुला शिव्या घालत बसलेय, कारण शिव्या थांबल्या की मला रडू येईल. आणि तुलाही वाटत होती म्हणून तू विचारलंस, हे मला दार मिटल्यावर कळलं. तू बाहेर ये रे.

तुझीच,
कटकट