लाल टाका

मीरा रोड, शुक्रवार, संध्याकाळ

लॅबमधला प्रयोग जमला एकदाचा! ज्यांच्यावर निळा उजेड पडला त्या जिवंत पेशींमधलं नको असलेलं प्रोटीन मोडलं, खोळीखाली अंधारात ठेवलेल्या पेशींमधलं तसंच राहिलं. मागच्या खेपेला अंधारातल्या पेशींच्या डब्यात उजेड झिरपून सगळीकडेच मोडलं होतं. म्हणून आईने काळ्या अस्तराची दुहेरी खोळ शिवून दिली. कोपऱ्यात मात्र एक लाल टाका. म्हणे, "नव्या कामाला नुसतं काळं नको गो."

किती चिडले होते मी! सुईच्या भोकातून उजेड गेला असता तर?

आज खोळ उलटून पाहिली. लाल टाका फक्त वरच्या थरात, आतलं कापड अखंड. म्हणजे उजेड आत जाऊ नये ही माझी आधीची कटकट तिने ऐकली होती, नीट.

पुढच्या खोळीला लाल दोरा मीच आणून देईन.