डुप्लिकेट रुग्ण, तक्रार बंद

३ फेब्रुवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठं काम करणाऱ्याने आपली नोंद आपणच ठेवावी, बाकीचे विसरतात.

काम असं. आमच्या रुग्णालयाच्या आठ शाखा. प्रत्येक शाखेचं संगणकातलं रुग्णांचं टेबल वेगळं. आठही टेबलांतला डेटा आपोआप, सतत, एकाच मोठ्या टेबलात आणायचा, याला सिंक म्हणतात. मग रुग्णांना जाणारे निरोप, घरपोच औषधं, तपासणीच्या तारखा, सगळं त्या एका टेबलावरून चालेल. साहेबांनी विचारलं की किती दिवस लागतील. मी म्हणालो, महिना. साहेब म्हणाले की आधीच्या माणसाने सहा महिने मागितले होते. आधीचा माणूस आता कुठे आहे ते मी विचारलं नाही.

संकल्प: (१) महिन्यात काम. (२) चहा दोनदाच. (३) बाबांच्या डोळ्यांत थेंब मी स्वतः घालणार, सकाळ-संध्याकाळ. बाबांना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी बजावलंय की थेंब एक दिवसही चुकवू नका, यात गेलेली नजर परत येत नाही. थेंब दर महिन्याला आमच्याच तिसऱ्या शाखेतून घरी येतात. म्हणजे एका अर्थी मीच पाठवतो.

४ फेब्रुवारी

थेंब घातले. एक डोळ्यात, दोन गालावर. बाबा म्हणाले की राहू दे, मी माझं घालतो, तुझं मोठं काम चालू आहे. माणूस समजूतदार. संकल्प (३) तात्पुरता स्थगित.

चहा चार.

७ फेब्रुवारी

सिंक सुरू केलं. पहिली शाखा झरझर आत गेली. दुसरी सुरू होताच गाडी अडली. एरर: हा नंबर आधीच आहे.

कारण उघड आहे. एकच माणूस आज कान दाखवायला एका शाखेत जातो, उद्या गुडघा दाखवायला दुसरीत. नंबर तोच, म्हणजे माणूस तोच.

आमच्या टेस्टिंगवाल्या बाईंना हे पटलं नाही. त्यांना मी मनातल्या मनात शंकासुर म्हणतो. शंकासुराचं म्हणणं, प्रत्येक शाखेने आपापले रुग्ण एकपासून मोजलेत, त्यामुळे सारख्या नंबरांची माणसं वेगळी आहेत. नंबराच्या आधी शाखेचा आकडा जोडा, की प्रश्न मिटला. मी शांतपणे समजावलं की साहेबांना आटोपशीर नंबर हवाय, शेपट्या लावलेला नको. त्या म्हणाल्या की शेपूट मागे असते, हे पुढे लागेल. असल्या माणसांशी वाद घालू नये.

१० फेब्रुवारी

तोडगा सापडला, तोही बसमध्ये उभ्या उभ्या. सारख्या नंबराची दुसरी ओळ आली, की पहिलीवर लिहून टाकायचं. शेवटचं ते खरं.

शिवाय एक खास बारकावा. नव्या ओळीतला एखादा रकाना रिकामा असेल, तर तिथे जुनंच राहू द्यायचं. भरलेलं कशाला पुसा? उदाहरणार्थ, सहावी शाखा फोन आणि पत्ते वेगळ्या फायलीत ठेवते, तिचे ते रकाने मोकळेच असतात. आता मोकळे राहणार नाहीत.

शंकासुर म्हणाल्या की मग नाव एकाचं आणि पत्ता भलत्याचा, असं होईल. मी म्हणालो, तुम्ही जरा चांगला विचार करत जा. त्यांनी तेच सगळं मेलवर लिहून पाठवलं. मी खाली अंगठ्याचं चित्र टाकलं.

१४ फेब्रुवारी

आठही शाखा आत. एकही एरर नाही. टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता.

आठ टेबलांत मिळून जेवढ्या ओळी होत्या, त्याच्या जेमतेम पाव मोठ्या टेबलात आल्या. शंकासुरांचा चेहरा पडला. बाकीची माणसं कुठे गेली म्हणाल्या. गेली नाहीत, मी म्हणालो, ती नव्हतीच. डुप्लिकेट होती. इतकी वर्षं कुणी झाडू मारला नव्हता, तो मी मारला.

साहेबांनी विचारलं, इतके डुप्लिकेट असतात? मी म्हणालो, असतात.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली की चारातली तीन माणसं खोटी कशी असतील? हिचा विषय इतिहास, म्हणून खोलात गेलो नाही. बाबांनी मात्र पाठ थोपटली. पहिल्यांदा खांद्यापलीकडे हात गेला, दुसऱ्यांदा बरोबर लागला.

१७ फेब्रुवारी

बाबांच्या फोनवर विचित्र निरोप. मी बूट घालत होतो, तेव्हा त्यांनी भिंग धरून वाचून दाखवला. सातवा महिना लागल्याबद्दल अभिनंदन, डाव्या कुशीवर झोपा, जड उचलू नका. मी म्हणालो, बाबा, डोळ्यांमुळे अक्षरं इकडची तिकडे होतात, मनावर घेऊ नका.

संध्याकाळी हिने वाचला. तेच लिहिलंय. खाली आमच्या रुग्णालयाचं नाव. म्हणजे भामटे. आमच्या नावावर कुणीतरी दुकान मांडलंय. लोकांचा डेटा इतका गचाळ कसा असतो, याची लाज वाटते.

बाबा बरं म्हणाले. झोपताना पाहिलं तर डाव्या कुशीवर.

२१ फेब्रुवारी

औषधांचं पाकीट आलं. थेंब नाहीत. लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम.

बाबांनी विचारलं, हे कसं काय? मी म्हणालो की डॉक्टरांनी औषध बदललं असेल. पूर्वी आठ ठिकाणी आठ नोंदी, चूक शक्य होती. आता एकच टेबल आहे, त्यात आहे ते डॉक्टरांनीच लिहिलेलं. बाबा म्हणाले की बाटलीच्या तळाशी तीन-चार दिवसांचे थेंब उरलेत. मी म्हणालो, ते संपवा आणि गोळ्यांना लागा. रक्त वाढेल, वाईट काय आहे.

ही म्हणाली की एकदा डॉक्टरांना फोन करून विचार, डोळ्याला गोळी कशी देतील? करणारच होतो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

चहा मोजणं बंद केलंय. त्याने उगाच ताण येतो.

२८ फेब्रुवारी

काउंटरवरून तक्रारी यायला लागल्या. काहीही बदललं की लोक कुरकुरतात. गुडघ्याच्या आजीबाईंना लशीचं बोलावणं, एका धडधाकट माणसाला प्लास्टर कधी काढणार म्हणून विचारणा. किरकोळ.

मी झपाट्याने निकाली काढतोय. नमुना: नंबर ४४१७. वयस्कर गृहस्थ, औषध भलतंच आलं म्हणतात, तीनदा फोन केला, आवाज शांत. मोठ्या टेबलात पाहिलं. ४४१७ म्हणजे सव्वीस वर्षांची बाई, सहावी शाखा, प्रसूती विभाग. वयस्कर गृहस्थ औषधालाही नाहीत. शेरा मारला: डुप्लिकेट रुग्ण, तक्रार बंद. चहा गार व्हायच्या आत काम झालं.

नंबर ओळखीचा वाटला. दिवसभर नंबरच बघतो, ओळखीचे वाटणारच.

शंकासुर म्हणाल्या की बंद करू नका, एकेकाला फोन लावून विचारू, मी थांबते. मी म्हणालो, बाई, एवढा वेळ कुणाला आहे.

३ मार्च

महिना पुरा. काम पुरं. मीटिंगमध्ये टाळ्या. साहेब म्हणाले की असं काम खात्यात पूर्वी झालं नव्हतं. मी भाषणात सगळ्यांचे आभार मानले, शंकासुरांचेही. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांना एवढंच म्हणाल्या की जुनी आठ टेबलं इतक्यात पुसू नका. साहेबांनी मान डोलावली. जागा फुकट अडली.

एकंदरीत संकल्प तीनपैकी एक पुरा. सरासरी वाईट नाही.

१२ मार्च

बाबा रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. आज सहज पाहिलं. एका शब्दावरच दुसरा शब्द लिहून ठेवलाय, दोन्ही वाचता येत नाहीत. जरा चिडलोच. म्हणालो, चष्मा तरी लावा. लावलेला होता.

ही म्हणते की बाबा आठवडाभर डाव्या हाताच्या वस्तूंना धडकतायत. काल दाराला खांदा लागला, आज कप खाली गेला. मी म्हणालो, वय. हिने विचारलं, वय फक्त डाव्या बाजूला होतं का? हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

बाबांना विचारलं की गोळ्या घेता ना. म्हणाले, अगदी वेळेवर.

२३ मार्च

दुसरं पाकीट. पुन्हा गोळ्या, सोबत बाळाचं वजन टिपायचा तक्ता. भामट्यांनी पाकिटंही छापून घेतली की काय? आश्चर्य आहे. पण मग गोळ्या खऱ्या कशा?

हा विचार करायला वेळ हवा. रविवारी करीन.

३० मार्च

रविवार गेला. झोप लागली होती.

बाबांनी आज कोडं उघडलंच नाही. पेपर मांडीवर घडी करून बसले होते. मी विचारलं तर म्हणाले की आजचं सोपं आहे, मजा नाही. न वाचता कसं कळलं, हे विचारायचं तोंडाशी आलं होतं. विचारलं नाही. २ तारखेला त्यांची तपासणी आहे, तेव्हा बघतीलच डॉक्टर. मी सुट्टी टाकलीय. मुलगा म्हणून आपल्यालाही काही कर्तव्य आहे.

२ एप्रिल, दुपारी

तिसरी शाखा. भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, मधे काच, काचेआड काउंटरवाली. तिने ४४१७ पुकारलं आणि विचारलं की सोबत नवरा आलाय का.

बाबा उठले.

ती म्हणाली की काका, बसा, हे बाळंतपणाचं आहे. बाबा म्हणाले, नंबर माझाच आहे. मी पुढे झालो. तिला सांगितलं की संगणक बरोबर आहे, मीच बनवलाय. मग बाबांकडे वळून म्हणालो, बाबा, तुम्ही नंबर चुकीचा सांगताय. मोठ्याने म्हणालो. खुर्च्यांवरचे लोक बघायला लागले.

बाबांनी खिशातून कार्ड काढलं आणि मला दिलं. म्हणाले, तूच वाच, मला हल्ली दिसत नाही.

तिसरी शाखा, ४४१७. हेच कार्ड आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं असतं. दूध काढताना मी रोज बघतो.

काउंटरवाली म्हणाली की या काकांचे तीन फोन आले होते, मी तक्रार लिहून वर पाठवली, वरून डुप्लिकेट म्हणून परत आली. वर कोण बसतं कोण जाणे, म्हणाली.

मी कार्ड बाबांच्या खिशात परत ठेवलं. त्यांना माहीत आहे वर कोण बसतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

डॉक्टरांनी डोळ्यांतला दाब मोजला, मग पुन्हा मोजला. विचारलं, थेंब कधीपासून बंद? बाबा म्हणाले की महिना होऊन गेला. कुणी बंद करायला सांगितले? मी तोंड उघडलं होतं. बाबा म्हणाले, माझ्याकडूनच राहून गेलं.

डाव्या बाजूची नजर बरीचशी गेलीय. परत येणार नाही. उरलीय ती सांभाळायची.

बसमध्ये बाबांना विचारलं की तीनदा फोन केलात, मला घरात का नाही सांगितलं? म्हणाले की दोनदा सांगितलं होतं. मग म्हणाले की गोळ्यांनी मात्र जिना चढायला बरं वाटायचं.

मला रडू आलं. बसलो होतो त्यांच्या डावीकडे, त्यामुळे त्यांना दिसलं नाही.

३ एप्रिल

शंकासुरांना सगळं सांगितलं. मी म्हणत होते ना, असं त्या म्हणतील, म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, बाबांना थेंब मिळाले का? उत्तर वाया गेलं.

मग जुन्या सहाव्या टेबलातून आम्ही ती सव्वीस वर्षांची बाई शोधली, फोन नंबर त्या शाखेच्या वेगळ्या फायलीतून काढला. फोन त्यांनीच लावला, मला धीर होत नव्हता. ती बरी आहे. दीड महिना कुणी विचारलं नाही, म्हणून स्वतःच जाऊन गोळ्या घेऊन आली. मला वाटलं तुम्ही विसरलात, म्हणाली.

साहेबांनी विचारलं की असे आणखी किती? मी म्हणालो, चारातले तीन. साहेब खुर्चीत बसले. आता नंबराच्या आधी शाखेचा आकडा जोडायचा आणि आठही टेबलं पुन्हा पहिल्यापासून आणायची. काम शंकासुरांच्या हाताखाली. तोवर सगळ्या बंद तक्रारी उघडून एकेकाला फोन करायचा. ते काम माझ्याकडे.

पहिली ४४१७ उघडली. सिस्टीम पुन्हा उघडण्याचं कारण विचारते. दोन परिच्छेद लिहिले, सिंक कसं चालतं, शाखांनी नंबर देताना कशी हयगय केली, सगळं. मग पुसले. लिहिलं: डुप्लिकेट नाही. वेगळा माणूस आहे.

खाली एक रकाना होता, रुग्णाशी नातं. रिकामा ठेवून पुढे गेलो. सिस्टीमने घेतला नाही. तो रकाना सक्तीचा मीच केला होता. लिहिलं, मुलगा.

४ एप्रिल, सकाळी

थेंब घातले. एक गालावर, एक नाकावर. बाबा मान वर करून, डोळे उघडे ठेवून बसून राहिले. मी म्हणालो, चुकला. म्हणाले, हरकत नाही, दुसरा टाक.