वजा तीन

४ मार्च
ऑपरेशनला दीड वर्ष झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, एंडोमेट्रिओसिस परत आलं असण्याची शक्यता आहे. मी वजनकाटे तपासते, शक्यतेवर सर्टिफिकेट देत नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखं काहीतरी नको तिथं उगवलं होतं, ते दुर्बिणीतून कापून काढलं, विषय संपला. पुन्हा उगवू नये म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या मी चौथ्या महिन्यात बंद केल्या होत्या. बरं वाटत होतं. जखम भरल्यावर पट्टी कोण बांधून हिंडतं? हे त्यांना आज सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.
आता आठ आठवडे रोज दुखण्याचा आकडा तक्त्यात लिहायचा. शून्य ते दहा. शेवटी सोनोग्राफी. मग ठरवायचं: पुन्हा गोळ्या, की इंजेक्शनं, की गर्भाशयात हार्मोनची कॉइल, की दुसरं ऑपरेशन. दुसऱ्यांदा कापलं तर डाव्या अंडाशयात फारसं काही उरायचं नाही, असंही म्हणाल्या.
मूल हवं की नको हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. ते आम्ही ठरवू. अंडाशयाला विचारलेलं नाही.
संकल्प: चारांपैकी एकही नाही.

५ मार्च
आकडा ६. कारण: कामावरचं स्टूल. दुकानांतले, दवाखान्यांतले वजनकाटे आमच्याकडे तपासणीला येतात. बरोबर असेल तर हिरवं स्टिकर, नसेल तर लाल. बारा वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचं हिरवं गेलेलं नाही. दिवसभर बसून काम. दुखणारच.

६ मार्च
स्टूल बदललं. आकडा ६.

७ मार्च
आकडा ५. हेही स्टूल वाईट.

९ मार्च, सकाळी ६.४०
उपाय सापडला. इतका सोपा की हसू आलं.
रिकाम्या पारड्यालाच काटा तीन ग्रॅम दाखवत असेल तर प्रत्येक वजनातून तीन वजा करतात. शून्याची चूक. मी आडवी पडलेली असताना, काही केलेलं नसताना, कारण नसताना तीन दुखतं. रोज. म्हणजे तीन हे माझं शून्य. डॉक्टरबाईंच्या तक्त्यात दुरुस्त आकडे भरले: ३, ३, २.
हे खोटं नव्हे. शास्त्र आहे.

१४ मार्च
आकडा ५, दुरुस्त २.
ताई आल्या. नवऱ्याची थोरली बहीण. म्हणाल्या, अगं, माझ्या मैत्रिणीच्या सुनेला हेच होतं, मूल झालं आणि सगळं बसलं. मी विचारलं, मूल जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर? नवरा चहा आणायला स्वयंपाकघरात गेला आणि बराच वेळ चहाच आणत राहिला. ताई म्हणाल्या, जीभ मात्र ठणठणीत आहे हो तुझी. म्हटलं, तिचं ऑपरेशन झालेलं नाही.
त्या गेल्यावर अर्धा तास जमिनीवर आडवी पडले. फरशी गार होती म्हणून.

२१ मार्च
संकल्प: आजपासून लिफ्ट बंद. चार मजले पायी. रक्ताभिसरण सुधारलं की निम्मे आजार पळतात.
दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला बसले. शेजारीण वरून येत होती. म्हणाली, अहो, तुमच्या पायात चपला आहेत. चौकस बाई आहे. वरचे दोन मजले लिफ्टनं. सुरुवातीला अर्धंच करावं.

२ एप्रिल
पाळी. आकडा ९. दुरुस्त ६. सहा तक्त्यात फार उठून दिसतो. बाकीच्यांपासून फटकून असलेला आकडा गाळायची पद्धत आहे. गाळला.

३ एप्रिल
९. गाळला. कामावर गेले नाही. नवरा म्हणाला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं, शेकायच्या पिशवीतलं पाणी कोमट आहे. तो काही न बोलता पुन्हा गरम करून घेऊन आला. हे त्याचं न बोलणं मला आवडत नाही. भांडला असता तर मी जिंकले असते.

१५ एप्रिल
आकडा ६, दुरुस्त ३.
एक किराणावाला काटा घेऊन आला. पन्नास ग्रॅमचा फरक. मी लाल स्टिकर काढलं तसा गयावया करू लागला. म्हणे, बाई, बारीकसा फरक आहे, गिऱ्हाइकांना सवय झालीय. मी सुनावलं: सवय झाली म्हणून काटा बरोबर ठरत नाही. चांगलं बोलले. नोंदवून ठेवते.

२९ एप्रिल, दुपार
सोनोग्राफी. डाव्या अंडाशयात चार सेंटीमीटरची गाठ. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला, मग माझा तक्ता वाचला. एक, दोन, तीन, दोन. बोट फिरवत पुन्हा पहिल्या आकड्यापासून वाचला. मला वाटलं, पकडली जाणार.
त्या म्हणाल्या, या आजारात गाठ आणि दुखणं यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. कुणाला एवढीशी गाठ लोळवते, कुणाला मोठी कळतही नाही. तुम्ही नशीबवान. मूलही आत्ता नकोय, तेव्हा घाई नको. सहा महिन्यांनी या.
जिंकले. चारांपैकी एकही नाही.
दाराशी पोचले तर म्हणाल्या, इतका नेटका तक्ता मला कुणी दिला नव्हता. दुखणं मोजायला माझ्याकडे दुसरं यंत्रच नाही हो. जे काही आहे ते तुम्हीच.

जिन्यावर बसले. नाडीचं कारण सुचलं नाही. बारा वर्षं. एकही चुकीचं हिरवं नाही.
परत वर गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुमचा नंबर होऊन गेला, नवीन घ्या. एकविसावा मिळाला. दोन तास बसले. त्या खुर्च्याही वाईट आहेत.
आत जाऊन म्हटलं, सगळ्या आकड्यांत तीन मिळवा. गाळलेले दोन नऊ आहेत, तेही धरा. त्यांनी विचारलं, तीनच का? मी शून्याची चूक समजावून सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाल्या, बाई, रोज तीन दुखणं म्हणजे शून्य नव्हे. बाकीच्यांचं शून्य खरंच शून्य असतं.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांचंच थोडं दुखतं.
आता कापायचं नाही. गोळ्या पुन्हा सुरू, रोज ठरल्या वेळी, खंड न पाडता. तीन महिन्यांनी बघायचं, नाहीच जमलं तर कॉइल. मूल हवंसं वाटलं तर आधी येऊन सांगायचं, मग वाट वेगळी. गोळ्या बंद कराव्याशा वाटल्या तरी आधी येऊन सांगायचं. हे दोनदा म्हणाल्या.

३० एप्रिल, रात्री ८
आकडा ६. सहाच लिहिला.
गोळ्यांचा निर्णय सर्वस्वी माझा आहे. डॉक्टरबाईंनी फक्त दुजोरा दिला. नवऱ्यालाही तसंच सांगितलं. तो बरं म्हणाला. आठवण करून द्यायची गरज नाही, मी काही कुक्कुलं बाळ नाही, हेही सांगितलं. त्यालाही बरं म्हणाला.
आत्ता बाहेरून विचारतोय, गोळी घेतली का.
घेतली म्हटलं.
मग उठले आणि घेतली.